बर्ट हॅस्लमची टॅक्सी

रॅम्सबॉटम
४ सप्टेंबर १९७८

प्रिय डेनिस,

फोनच करणार होतो, पण आमचा फोन आईच्या खुर्चीला टेकून आहे आणि ऐंशीच्या घरात आली तरी तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. म्हणून पत्र. तशी आपली जुनी खोडच ती. मोरकॅमला दर आठवड्याला नवं नाटक बसवायचो, तेव्हा एकाच घरात भाड्याने राहूनसुद्धा एकमेकांच्या दाराखालून चिठ्ठ्या सरकवत होतो.

मुद्द्याचं सांगतो. नव्या स्थानिक रेडिओवाल्यांनी मला विचारलंय. रोज सकाळचा कार्यक्रम. गाणी, गप्पा, लोकांची पत्रं. सध्या या हिवाळ्यापुरता. तुला माझा प्रवास ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सूतगिरणीसाठी. मग सिनेमाचं मशीन चालवलं, बिंगोचे आकडे पुकारले, समुद्रावरच्या धक्क्यावर टोपीतून ससे काढले, तुझ्याबरोबर पोलीस आणि पाद्री केले, आणि गेली अकरा वर्षं 'कॅनल टेरेस' या टीव्ही मालिकेतला लोखंडी सामानाचा दुकानदार बर्ट हॅस्लम आहे. वाचायला शिकवलं ते गावच्या वाचनालयाने. बाकी सगळं माझं मी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला शाळा विचारली. रेडिओवरच्या बाईंनी विचारली नाही. डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "कधीपासून येताय?"

पण मला बर्ट कायमचा सोडायचा नाही. खाटीक मला विचारतो, "काय बर्ट, आज खिळे नाही आणलेस?" अर्ध्या गावाला माझं खरं नाव आठवत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुम्ही कथावाले बंद दाराआड काय शिजवता ते आम्हा नटांच्या कानावर जाता कामा नये, हा नियम मला मान्य आहे. मला गुपित नको. एवढंच कर. मालिकेतून माणूस दोनच रस्त्यांनी जातो, टॅक्सीतून किंवा शवपेटीतून. टॅक्सीवाला परत येतो, पेटीवाला येत नाही. बर्टला टॅक्सीत बसव. साउथपोर्टला त्याची बहीण आहेच. हवं तर तिचा पाय मोड.

तुझा,
क्लिफ

ता. क. परवाच्या भागात बर्टने जड दाराच्या बिजागरीला पाऊण इंची स्क्रू दिला. असला स्क्रू बर्ट देणार नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मी दीड इंची म्हटलं. दिग्दर्शकाला पत्ताच नाही.

•

मँचेस्टर
९ सप्टेंबर १९७८

प्रिय क्लिफ,

गाढवा, आधी अभिनंदन! तुझ्या आवाजाने मोरकॅमची शेवटची रांग जागी राहायची, रेडिओ तर काय, हातचा मळ आहे तुझ्या.

टॅक्सीचं माझ्यावर सोड. नवे निर्माते मि. पेल जरा कडक आहेत, आम्हा जुन्या लेखकांकडे जुन्या सोफ्याकडे बघावं तसं बघतात. पण बर्टला कोण हात लावतंय? साउथपोर्टच्या बहिणीचा पाय मोडलाच समज.

आता माझं एक काम. बरेच दिवस डोक्यात आहे. तुझ्या बाबांवर रेडिओसाठी एक नाटक लिहावं, आणि ते तू वाचावंस, तुझ्याच केंद्रावर. गिरणी, कबुतरं, शर्यती. शेवटचा दिवस तू मला एकदा सांगितला होतास, पण तेव्हा आपण दोघंही प्यालेलो होतो. सगळं नीट लिहून पाठव. बारीकसारीकसुद्धा. तुझ्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आईला माझा नमस्कार. तिच्या मटण-बटाट्याच्या हॉटपॉटची चव अजून जिभेवर आहे.

डेनिस

•

रॅम्सबॉटम
१७ सप्टेंबर १९७८

प्रिय डेनिस,

तुझं पत्र आल्यापासून मी जमिनीवर नाही. बाबांवर नाटक! शिकलेला माणूस गिरणीकामगारांवर लिहायला बसला की एकतर त्यांना संत करतो नाहीतर दारुडे. तू तसं करू नयेस म्हणून सगळं लिहितो.

राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष, १९५३. फ्रान्समधून सोडलेल्या कबुतरांची मोठी शर्यत. बाबांची निळी मादी त्यात होती. शर्यतीत पक्षी घराच्या छपरावर येऊन भागत नाही, हे आधी समजून घे. तो आत उतरला पाहिजे, त्याच्या पायातली रबरी कडी काढून शर्यतीच्या घड्याळात टाकली पाहिजे, तेव्हाच वेळ नोंदली जाते. छपरावर पाऊण तास बसून राहिलेल्या पक्ष्याने कितीतरी माणसं रडवली आहेत. त्याला खाली बोलवायचं ते दाण्याचा डबा वाजवून.

बाबा कबुतरखान्यासमोर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, वर नव्या राणीचं चित्र. आत मका आणि वाटाणे. डबा डाव्या हातात. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीने आधीच घेतली होती. मी परसाच्या दाराशी उभा होतो. आई चहा घेऊन बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं, आणि कप हळूच जमिनीवर ठेवला. बाबा गेले होते. डबा पडला नव्हता. हातातच होता. नाटकात तो पाडू नकोस. सगळे पाडतात.

आणि तेवढ्यात मादी आली. छपरावर बसली. मी डबा घेऊन वाजवला, ढिम्म. दाणा आईही घालायची, पण खाली उतरायला तिला बाबाच लागायचे.

पुढचं नाटकात नको. हे फक्त तुझ्यापुरतं. तुला बाबा कळावेत म्हणून. आईने बाबांच्या डोक्यावरची चपटी टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर चढवली, त्यांचा कोट अंगात घातला, बादली पालथी घालून त्यांच्या शेजारी बसली आणि डबा वाजवला. मादी उतरली. आईने कडी घड्याळात टाकली. मग रडली.

शर्यतीत बाबा पहिले आले. कबुतरवाल्यांच्या क्लबात आजही सांगतात की जो हॅलिवेलने, म्हणजे बाबांनी, आपला पक्षी घरी आलेला डोळ्यांनी पाहिला, वेळ स्वतःच्या हाताने नोंदवली आणि मगच डोळे मिटले. आईने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. तिने बाबांना दिलेली ती शेवटची भेट आहे. शर्यतीचा कप कपाटावर आहे. मी तिला शब्द दिला होता की हे घराबाहेर जाणार नाही. तो आज तुझ्यासाठी मोडलाय, तेव्हा सांभाळ.

टॅक्सीचं विसरू नकोस.

क्लिफ

•

मँचेस्टर
२ ऑक्टोबर १९७८

प्रिय क्लिफ,

काय पत्र लिहिलंस राजा! तीनदा वाचलं. टोपीचं माझ्यापाशी राहिलं, काळजी नको.

थोड्या शंका. खुर्चीला हात होते का? त्या सकाळी त्यांना काही होत होतं का, छातीत, खांद्यात? आणि ते आईला शेवटचं काय म्हणाले?

आणखी एक गंमत. बर्टला काहीतरी छंद हवा असं इथे निघालं. मी पटकन म्हटलं, कबुतरं! सगळ्यांना आवडलं. आता दुकानामागच्या अंगणात कबुतरखाना येईल. तुझ्या बाबांना सलाम समज. तुला जाण्याआधी चार छान प्रसंग मिळतील.

टॅक्सीचं चाललंय.

डेनिस

•

रॅम्सबॉटम
२३ ऑक्टोबर १९७८

प्रिय डेनिस,

खुर्चीला हात नव्हते. सकाळी डावा खांदा चोळत होते. आई म्हणाली मलम लावा, ते म्हणाले शर्यत झाल्यावर. शेवटचं वाक्य: "चहात साखर जरा सढळ हाताने घाल, आज पाहुणी यायचीय." पाहुणी म्हणजे निळी मादी.

बर्टला कबुतरं दिलीस, तुझे उपकार कसे फेडू? सेटवरच्या सामानवाल्या पोराने आधी चौकातली भटकी कबुतरं धरून आणली होती. मी म्हटलं, "ही फ्रान्समधून काय, पोस्टापासून घरी यायची नाहीत." शेवटी आमच्या क्लबातून खरी शर्यतीची आणवली. पिंजऱ्याचं दार उलट्या बाजूने उघडत होतं, तेही बदलायला लावलं. आई मालिका बघताना एरवी विणते. कबुतरं आली तेव्हा तिने सुया मांडीवर ठेवल्या. म्हणाली, "तुझे बाबा असते तर दोन चुका काढल्या असत्या." म्हणजे मी अठ्ठ्याण्णव टक्के मिळवले.

म्युरिएलचं मात्र काहीतरी बिनसलंय. अकरा वर्षं पडद्यावर माझी बायको आहे, पण गेले दोन आठवडे माझ्याकडे बघतच नाही. काल कँटीनमध्ये मी विचारलं, "काय गं, दाढ दुखतेय का?" तर एकदम डोळ्यांत पाणी, आणि ताट तसंच टाकून गेली. दाढच असणार. तिला दंतवैद्याची भारी भीती.

बर्टला डावा खांदा चोळायला सांगितलाय तुम्ही. त्याला बाबांच्या सवयी लागलेल्या बघून बरं वाटलं. रेडिओवाल्यांना मी होकार कळवलाय.

क्लिफ

•

रॅम्सबॉटम
१४ नोव्हेंबर १९७८

डेनिस,

संहिता आली. नेहमीसारखी तालमीच्या खोलीत, चहाबरोबर. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून बर्टचं अंगण आखलेलं होतं, मध्ये एक खुर्ची. बिनहाताची. मला वाटलं कुणाची तरी चूक झाली, म्हणून मी ती बाजूला करायला गेलो.

मग वाचलं. खांदा. मलम. साखर. पाहुणी. माझ्या बाबांचं मरण, माझ्याच शब्दांत, लेखक म्हणून तुझं नाव. आणि मरणारा मी.

सगळे आपापल्या पानात डोकं घालून बसले होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. म्युरिएलची दाढ ठणठणीत आहे.

तू मला विचारत होतास आणि मी मोजून मापून तुला देत होतो. फास आवळायला आलेल्या माणसाला मी दोरीची जाडी सांगत होतो. वर पिंजऱ्याचं दारही दुरुस्त करून दिलं.

करार आहे, तेव्हा काम मी करीन, आणि नीट करीन. दोन दुरुस्त्या. संहितेत डबा उजव्या हातात आहे. मी तो डाव्या हातात धरणार. संहितेत डबा पडतो. माझ्या हातून तो पडणार नाही.

आणि शेवटचं पान काढून टाक. टोपीचं पान. बर्ट गेला तर गेला, मी स्वतःला समजावीन. पण ते पान आईचं आहे. एवढं एक कर. दुसरं काही मागत नाही.

क्लिफर्ड हॅलिवेल

•

मँचेस्टर
१७ नोव्हेंबर १९७८

प्रिय क्लिफ,

तुझा राग समजतो. पण माझी बाजू ऐक. पेलसाहेबांनी ठरवलं, जो नट रजा मागेल त्याची पेटी. इतरांना धडा म्हणून. मी टॅक्सीसाठी भांडलो, गळा सुकला. खोलीत दुसऱ्या एकाने बर्टला दुकानातल्या शिडीवरून पाडायचं सुचवलं होतं. शिडीवरून, क्लिफ! तेव्हा मी म्हटलं, जायचंच असेल तर माणसासारखं जाऊ दे. तुझ्या बाबांसारखं. मला वाटलं त्यात तुझा मानच आहे. नियमामुळे आधी सांगता आलं नाही.

टोपीच्या पानाबद्दल बोलतो. शब्द देत नाही, पण बोलतो. अख्खा देश रडेल बघ.

तुझाच,
डेनिस

•

रॅम्सबॉटम
७ डिसेंबर १९७८

मि. डेनिस क्रॉशॉ यांस,

तुम्हाला मी आजवर अरे-तुरे करत आले. तुम्ही माझ्या टेबलाशी जेवलात, माझ्या हातचे मोजे वापरलेत. आता अरे-तुरे करणार नाही.

काल आम्ही दोघं बघत होतो. क्लिफर्डने चांगलं केलं. डबा डाव्या हातात होता आणि पडला नाही. क्षणभर मला खरंच माझा जो दिसला, त्याचं मी वाईट मानलं नाही. मग बर्टची बायको झालेली ती बाई टोपी घालून बादलीवर बसली. क्लिफर्ड उठून स्वयंपाकघरात गेला. लाज वाटली असेल, तोंड दाखवणार कसं. ते दोघांतच होतं, माझ्यात आणि त्याच्यात. तुमच्यापर्यंत त्यानेच पोचवलं असणार. काय मोबदला मिळाला हे मी त्याला विचारलं नाही, विचारणारही नाही.

आज सकाळी खाटकाकडे क्लबातला म्हातारा सेठ भेटला. टोपी काढली, आणि म्हणाला, "वहिनी, म्हणजे जोने तिला बघितलंच नाही?" पंचवीस वर्षं तो माणूस ही गोष्ट लहान पोरांना सांगत आलाय. मी म्हटलं, "नाही, सेठ. नाही बघितलं." तो टोपी हातातच धरून निघून गेला.

शर्यतीचा कप मी क्लबात परत देऊन आले. ते घेत नव्हते. मी टेबलावर ठेवला आणि निघाले.

तुमच्या त्या बाईची टोपी फार मागे होती. डोळ्यांवर ओढावी लागते, नाहीतर पक्ष्याला चेहरा दिसतो. एवढं त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

हिल्डा हॅलिवेल

•

मँचेस्टर
१० ऑक्टोबर १९७९

प्रिय क्लिफ,

वर्ष होत आलं. तू उत्तर दिलं नाहीस, आणि मीही तुला फार छेडलं नाही. रेडिओवर मात्र ऐकतो तुला. हिवाळ्यापुरता होता ना कार्यक्रम? आता तर रविवारीही असतोस. गेल्या आठवड्यात पत्र लिहिणाऱ्या एका बाईंना घुबडाच्या पिल्लाबद्दल सांगत होतास, मी गाडी कडेला घेऊन ऐकलं.

खरं सांगू? तू गेल्यापासून 'कॅनल टेरेस' बसलीय. बर्टच्या मरणाला बक्षीस मिळालं, पण त्यानंतर लोक दुसरं चॅनल लावायला लागले. दुकान चालवायला नवा पोरगा आणला, त्याला वॉशर आणि बोल्ट यातला फरक कळत नाही. नटांच्या आरामखोलीत खिडकीजवळची तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. नवे लोक बसायला धजत नाहीत.

तर सगळ्यांनी मिळून ठरवलंय. बर्टचा जुळा भाऊ, ऑस्ट्रेलियाहून आलेला. तोच चेहरा, तोच आवाज, तेच दुकान. येताना टॅक्सीतून उतरेल, बघ! पहिला प्रसंग मी लिहूनही ठेवलाय. तो अंगणात येतो, बर्टची टोपी खुंटीवर दिसते, ती डोक्यावर घालतो आणि डबा उचलून वाजवतो. काटा आला ना अंगावर?

ये, क्लिफ. जुनं विसरू. तुझ्याशिवाय मला तिथे कुणी आपलं नाही. आणि खरं तर, तू आलास तर माझंही तिथलं बस्तान टिकेल.

डेनिस

•

रॅम्सबॉटम
२१ ऑक्टोबर १९७९

डेनिस,

उशीर झाला, कारण मधल्या रविवारी माझ्या कार्यक्रमाला पाहुणा होता. तुझे पेलसाहेब. मालिका सोडून लंडनला चाललेत, म्हणून निरोपाच्या गप्पा. भला माणूस. मायक्रोफोनसमोर चहा घेत, सगळा लँकेशायर ऐकत असताना, अगदी सहज म्हणाले, "क्लिफर्ड, तुमच्या बर्टला खरं तर आम्ही टॅक्सीतून पाठवणार होतो. साउथपोर्टला, बहिणीकडे. संहिता तयार होती. पण आमचा डेनिस एक दिवस खिशातून एक पत्र काढून उभा राहिला आणि म्हणाला, याच्यापुढे टॅक्सी काय घेऊन बसलात?"

मी एक गाणं लावलं. रेडिओत ती एक सोय आहे.

म्हणजे शिडी नव्हती. धडा नव्हता. गळा सुकेपर्यंत कुणी भांडलं नव्हतं. खोलीत एकच माणूस बर्टला मारायला निघाला होता आणि त्याच्या खिशात माझं पत्र होतं. त्याने जाहीर वाचून दाखवलं ते. टोपीसकट.

आई त्या वेळी स्वयंपाकघरात होती, रेडिओ चालू होता. गेलं वर्षभर ती माझ्याशी चहा आणि कोळसा यापलीकडे बोललेली नव्हती. मी घरी आलो तर तिने माझ्यापुढे कप ठेवला, साखर घातली, आणखी एक चमचा घातला. म्हणाली, "तू त्याला मित्र म्हणून सांगितलंस." मी म्हटलं, "हो." म्हणाली, "मग चूक तुझी अर्धीच." आई अर्ध्यावर आली म्हणजे खूप झालं. शर्यतीचा कप मात्र तिने परत आणलेला नाही, आणि क्लबातले म्हातारे आता जोची गोष्ट सांगत नाहीत. ती तू संपवलीस. बर्टपेक्षा तिचं जाणं मला जास्त लागलं.

तुझ्या नव्या प्रसंगाबद्दल. लिखाण नेहमीसारखं नीटनेटकं आहे. पण तपशील चुकलाय, म्हणून शेवटचं दुरुस्त करतो. निळ्या मादीला टोपी दिसली, डबा ऐकू आला आणि ती खाली आली, कारण त्या टोपीखालच्या बाईने तिला सात वर्षं दाणा घातला होता. ती फसली नव्हती. घरी आली होती.

तू डबा वाजवायचा थांब, डेनिस. टोपी माझ्या बाबांची आहे, पण तू ती फार मागे घातलीयस. मला चेहरा दिसतोय.

क्लिफर्ड हॅलिवेल